जमिनीपासून तेवीस गाठी

टक्.

बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडताना असा आवाज येतो. एरवी तो कुणाला ऐकूही जात नाही. पण त्या रविवारी दुपारी घर इतकं गप्प होतं की खाली बसून कोथिंबीर निवडणाऱ्या प्रितीने मान वर केली, खिडकीपाशी पाय पोटाशी घेऊन बसलेली मनवा वळली, आणि टेबलावर कागद पुढ्यात घेतलेल्या राजेशचं पेन थांबलं. दोन दिवस त्या घरात कामापलीकडे कोणी कोणाशी बोललं नव्हतं.

"बाबा, काय शोधताय?" राजेशने विचारलं.

"तुजा काय नाय. माजा आसा," धोंडू म्हणाला.

बटणं, हूक, सुयांची पुडी आणि कधीचीच गंजलेली कात्री बाजूला सारत त्याचा हात माझ्यापर्यंत पोहोचला. त्याने मला बाहेर काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि उजेडात धरलं. सात वर्षांनी मी खिडकी पाहिली.

मित्रांनो, मी एक लाकडी बाबीण आहे. बाबीण म्हणजे सूत गुंडाळायची नळी. मी वीतभर लांब आहे आणि माझ्या अंगावरची लाख ठिकठिकाणी उडाली आहे. धोंडू आता शहात्तर वर्षांचा आहे, राजेशचा बाप, प्रितीचा सासरा आणि मनवाचा आजोबा. पण मी त्याला विशीपासून ओळखते, म्हणून माझ्यासाठी तो नुसता धोंडू. त्या रविवारी त्याने मला का बाहेर काढलं ते सांगते, पण त्याआधी मी कोण ते तुम्हाला कळायला हवं.

माझा जन्म रे रोडच्या एका वखारीमागे झाला. तिथल्या कातारी बाबाने लाकूड गोल केलं, मधे भोक पाडलं, लाखेचा हात दिला आणि तळाशी पितळेचं कडं बसवलं. तिथून मी परळच्या एका गिरणीत गेले, सूत कातायच्या साचे खात्यात. चातीवर, म्हणजे फिरत्या सळईवर, बसायचं आणि गरगर फिरत अंगावर सूत घ्यायचं, एवढंच काम. एका मिनिटात हजारो फेरे. भरले की उतरवायचे, रिकामी झाले की पुन्हा चढवायचे. मला चक्कर येत नसे. थांबले की मात्र उगीच बेचैन वाटायचं.

धोंडू मला तिथेच भेटला. मालवणकडचा, कानात कापूस कोंबलेला, केसांवर सदा पांढरे तंतू. सूत तुटलं की चालत्या साच्यावर दोन टोकं अंगठ्याखाली घेऊन तो अशी जुळवायचा की जोड कुठला हे मलाही सांगता येत नसे. पुढे गिरणी बंद पडली. ती गोष्ट मोठी आहे, ती घरातल्या मोठ्यांना विचारा. मला इतकंच आठवतं की फिरणं थांबलं आणि मी धोंडूच्या खिशातून लालबागच्या चाळीत आले.

तिथे मला दुसरं काम मिळालं. तुम्ही म्हणाल, रिकाम्या बाबिणीला कसलं काम? तर मोजायचं.

आमच्या गल्लीतलं गणपतीचं मंडळ लहान होतं, पण मूर्ती मोठी आणायची हौस भारी. मूर्ती कारखान्यातून गल्लीत यायची तर वाटेत वीज-केबलच्या तारा, कमानी, झाडाच्या फांद्या. कुठे किती उंची मोकळी आहे ते आधी मोजावं लागे. ते काम धोंडूकडे आलं. त्याने माझ्यावर तीनशे फूट सुती दोरा गुंडाळला. उंचीला तीस फूट पुरले असते, पण रोषणाईच्या माळांसाठी रस्त्याची लांबीही मोजायची असे. दर दहा फुटांवर एक पांढरी गाठ, दर शंभरावर लाल. टोकाला गवंडी वापरतात तसला शिशाचा ओळंबा.

मोजायची त्याची एक रीत होती. बांबूने दोरा तारेपर्यंत चढवायचा, ओळंबा खाली सोडायचा, आणि तो रस्त्याला टेकल्याशिवाय तोंडातून आकडा काढायचा नाही. फुटपाथवर टेकला तर चालत नसे. कोणाच्या ओट्यावर टेकला तर मुळीच नाही. "रस्त्यार टेकव," तो म्हणायचा. "मूर्ती काय ओट्यावरसून चलत येतली?"

एका वर्षी तो गावी गेला होता. मंडळाच्या पोरांनी आपल्या मनानेच मोजलं. मूर्ती सतरा फूट, गल्लीच्या तोंडावरची केबल वीस फुटांवर. तीन फूट मोकळे, वाजवा ढोल! मूर्ती आली आणि मुकुट केबलला अडला. कारण मूर्ती ज्या गाडीवर उभी होती ती गाडी होती चार फूट उंच, आणि ती कोणी हिशेबात धरलीच नव्हती. दीड तास मूर्ती गल्लीच्या तोंडाशी, वर तार धरून शिडीवर दोघं, आणि खाली अख्खी गल्ली एकमेकांना शिव्या देतेय. तेव्हापासून आमच्याकडे कोणी घाईत हिशेब केला की लोक विचारायचे, "गाडी धरलीस का?" लग्नाची पंगत असो, पोराचे मार्क असोत, गाडी धरलीस का!

त्या वर्षांत मला मान होता. मोजणी झाली की धोंडू मला कपाळाला लावायचा. मग मंडळाने बटण दाबलं की लाल ठिपका पडणारं मोजायचं यंत्र घेतलं. चाळ पाडून तिथे बावीस मजली टॉवर उभा राहिला. आम्ही एकविसाव्या मजल्यावर राहायला आलो आणि मी बिस्किटांच्या डब्यात गेले. मला कोणी टाकलं नाही, पण कोणी हाकही मारली नाही.

आता ड्रोनकडे येते.

मनवा दहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या आकांक्षाआत्याने तो आणला. आत्या वरळीला मोठ्या ऑफिसात आहे.

"आत्या, हा खराखुरा उडतो?"

"मग काय शोकेसमध्ये ठेवायला आणलाय? पण बाबाला विचारून हां. नाहीतर तुझी आई मला जेवायला बोलवायची नाही."

डब्याच्या फटीतून मला तो अर्धाच दिसला. करड्या रंगाचा, हातभरही नाही, चार कोपऱ्यांना चार पंखे. माझ्यासारखाच फिरून जगणारा. मला त्याच्याबद्दल आपलेपणा वाटला, हे कबूल करते.

राजेश विमा कंपनीत कारकून आहे. घराबाहेर पडताना गॅस बंद केलाय का ते दोनदा बघणारा माणूस. त्याने खोक्यातलं माहितीपत्रक वाचलं, मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि जेवताना जाहीर केलं, "उंचीची मर्यादा चारशे फूट आहे. मी ॲपमध्ये दोनशेवर कुलूप लावलंय. निम्म्यावर! त्याच्या वर तो जाणारच नाही."

प्रिती म्हणाली, "अरे, पण कुठे उडवायचं नि कुठे नाही याचा सरकारी नकाशा असतो म्हणे. माझ्या ऑफिसातली सांगत होती. हिरवा, पिवळा, लाल असे भाग असतात."

"ते मोठ्या ड्रोनवाल्यांना गं. लग्नाची शूटिंग करतात त्यांना. हा अडीचशे ग्रॅमच्या आतला. याला लायसन्स लागत नाही."

"लायसन्स लागत नाही म्हणजे नकाशा पण लागत नाही?"

"अगं, खेळणं आहे ते!"

धोंडू भात कालवत होता. त्याने एवढंच विचारलं, "आनी खाली मानसा आसतत त्येंचा काय?"

"बाबा, आपण गच्चीवरून उडवणार. गच्चीवर कोण असतं?"

हे बोलताना राजेशच्या मनात कपट नव्हतं. मी त्याला पाळण्यापासून पाहते आहे. त्याने नियम वाचला होता, त्याच्या निम्म्यावर थांबायचं ठरवलं होतं, आणि आपण सावध बाप आहोत याची त्याला खात्री होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मनवाने नंतर सांगितलं ते सांगते.

शुक्रवारी सुट्टी होती. संध्याकाळी पाचला बापलेक गच्चीवर गेले. ड्रोन छान उडाला. वीस फूट, पन्नास, शंभर. मनवाच्या हातात रिमोट होता, त्याला लावलेल्या मोबाइलवर आकडे पळत होते. शिवडीकडची खाडी दिसली, पुलावरच्या गाड्या मुंग्यांएवढ्या. ती म्हणाली, "बाबा, अजून वर?" राजेश म्हणाला, "दोनशेपर्यंत बिनधास्त ने." तिने नेला. स्क्रीनवर दोनशेचा आकडा आला आणि ड्रोन आपोआप थांबला.

पण त्या उंचीवर वारा वेगळा होता. गच्चीवर नुसते केस उडत होते. वर मात्र समुद्राकडून येणारा वारा दोन टॉवरांच्या मधून जोर धरून घुसत होता. ड्रोन तिरका झाला आणि मागे ढकलला जाऊ लागला. मनवाने परत बोलवायचं बटण दाबलं. तो यायला निघाला, पण जागच्या जागीच झगडत राहिला. मग तो ठिपका झाला. मग उन्हात दिसेनासाच झाला. स्क्रीनवर बॅटरीची लाल खूण लुकलुकली, "बाबा, बाबा" असं ती तीनदा म्हणाली, आणि चित्र गेलं.

टॉवरच्या भिंतीपलीकडे एक तीन मजली जुनी चाळ अजून उभी आहे. तिच्या अंगणात आनंदीबाई स्टुलावर बसून सुपात जवळा निवडत होत्या. या आनंदीबाई म्हणजे मनवाची आनंदीआजी. प्रिती कामावर जायची तेव्हा सहा महिन्यांच्या मनवाला त्यांनी मांडीवर घेतलं ते ती पाच वर्षांची होईपर्यंत. मनवाला चालायला त्याच अंगणात आलं. आता त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, पण अजून डबा लावलेल्या लोकांसाठी रोज पोळ्या लाटतात.

ड्रोन त्यांच्या डाव्या मनगटावर पडला. सूप उडालं, जवळा अंगणभर झाला आणि मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं. म्हणाले, वीतभर इकडे पडला असता तर डोक्यात पडला असता.

शुक्रवारी रात्री आनंदीबाईंचा मुलगा स्वप्नील वर आला. राजेशपेक्षा चार वर्षांनी लहान, एकाच गल्लीत क्रिकेट खेळलेला. ड्रोन उंबऱ्यावर ठेवून दारातच उभा राहिला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"राजेशदादा, तुमच्या टॉवरवरनं खाली काय पण पाडायचं का? आधी एसीचं पाणी, आता हे? आम्ही काय खाली राहतो म्हणून..."

"स्वप्नील, ऐक ना, चुकून..."

"मला तोंडी नको. किती उंच होतं, काय झालं, चूक कोणाची, लिहून द्या. रविवारी सहाला येतो. मग चौकीत जायचं का नाही, ते मी बघतो."

शनिवारी सोसायटीचे सेक्रेटरी वसंतराव येऊन सल्ला देऊन गेले. "लिहा, दोनशे फुटांवर होतं. मर्यादा चारशेची. नियमात होतं, वाऱ्याने गेलं. अहो, वाऱ्यावर कोण केस करतो?"

राजेशला ते पटलं, कारण ते खरंच होतं. स्क्रीनवर दोनशेच होते, मोबाइलमध्ये नोंद होती. रविवारी तो तेच लिहायला बसला होता. मनवाला मात्र तेवढ्याने बरं वाटत नव्हतं. दोन दिवस ती आनंदीआजीला भेटायला गेली नव्हती. प्रितीने दोनदा म्हटलं, "चल, जाऊन येऊ." तिने दोन्हीदा डोकं हलवलं. तिला एकच गोष्ट हवी होती: आजीपुढे उभं राहून काय सांगायचं ते कळायला हवं होतं. वाऱ्याने केलं, की मी?

म्हणून धोंडूने डबा उघडला होता.

"राजू, तुजा लिवन झाला काय?"

"होत आलं."

"थांब मगे. माका कायतरी मोजूचा आसा. चल गो मनवा."

त्याने माझ्या दोऱ्याचा ओळंबा सोडला आणि खिशात टाकला. प्रितीकडून मूठभर तांदूळ मागून घेतले, जुन्या धोतराच्या तुकड्यात त्यांची पुरचुंडी बांधली आणि ती दोऱ्याच्या टोकाला लावली.

"ओळंबा का नाही, आजोबा?" मनवाने विचारलं.

"बाय माजे, येवड्या वरसून शिसा सुटला तर खालचो मानूस उठात काय?"

राजेशने हे ऐकलं आणि पेनचं टोपण लावून मागोमाग आला.

गच्चीचा मागचा कोपरा सरळ कंपाउंडात उतरतो. खाली वॉचमन भिवाने दोन खुर्च्या आडव्या टाकून वाट बंद केली. प्रिती आणि मनवा भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, प्रितीच्या हातात फोन. वर राजेशने बापाची कंबर घट्ट धरली आणि धोंडूने दोरा सोडायला सुरुवात केली.

मित्रांनो, किती वर्षांनी मी फिरले! गिरणीतला वेग नव्हता तो, अगदी सावकाश, एकेक फेरा. धोंडूच्या अंगठ्याखालून गाठी निसटत होत्या आणि मी हलकी होत होते. वाऱ्याने दोरा पोट काढायचा, धोंडू थांबायचा, वारा पडला की पुन्हा सोडायचा.

फोनमधून मनवा ओरडली, "टेकलं, आजोबा! नाही नाही, थांबा, पायरीवर टेकलंय!"

"पायरी चलाची नाय. जमिनीक टेकव!"

"आता टेकलं. खरंच टेकलं. मी हात लावून बघितलं."

धोंडूने कठड्याच्या उंचीला दोरा चिमटीत धरला. दोरा वर ओढून घेतल्यावर राजेश पुरचुंडीकडून गाठी मोजू लागला. लाल एक, लाल दोन, मग पांढऱ्या तीन. वर जवळजवळ अर्धी गाठ.

"दोनशे पस्तीस," तो म्हणाला.

"बरा. आनी तुजे दोनशे खंयसून मोजलेले?"

"गच्चीवरून. ड्रोन जिथून उडतो तिथे तो शून्य धरतो, बाबा. तिथून वरचे फूट..." राजेश बोलता बोलता थांबला. कठड्यावरून खाली पाहिलं. भिवा खुर्च्या उचलत होता. मग वर पाहिलं.

धोंडूने मला गुंडाळत, अगदी हळू विचारलं, "राजू, गाडी धरलंस काय रे?"

राजेश पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला. दोनशे आणि दोनशे पस्तीस. नियमातले चारशे फूट जमिनीपासूनचे. निम्म्यावर कुलूप लावणारा माणूस मर्यादेच्याही वर गेला होता, आणि जाताना पोरीला "बिनधास्त" म्हणाला होता.

प्रिती आणि मनवा लिफ्टने वर आल्या. प्रितीच्या फोनवर तो सरकारी नकाशा उघडा होता. आमच्या वस्तीवर हिरवा रंग नव्हता.

"म्हणजे परवानगीशिवाय दहा फूटसुद्धा न्यायचा नव्हता," राजेश म्हणाला.

"नाही," प्रिती म्हणाली. "मी तेव्हाच धरून बसायला हवं होतं. कुकरची शिट्टी झाली नि मी उठून गेले." तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता काय लिहायचं?"

त्याने घरात येऊन पहिला कागद फाडला. दुसरा लिहायला फार वेळ लागला नाही. तेवढ्यात दारातून वसंतराव डोकावले. त्यांना कळलं तसे म्हणाले, "वेडे झालात का? स्वतःच्या हाताने लिहून देताय? कोण येणार होतं दोरी घेऊन मोजायला?"

"आले ना," राजेशने बापाकडे बोट दाखवलं.

स्वप्नील सहाला येणार होता. राजेश आणि प्रिती पाचलाच खाली निघाले, त्याची वाट न बघता; धोंडू घरीच थांबला. मनवाने चपला घातल्या. कोणी तिला चल म्हटलं नव्हतं. मला तिने फ्रॉकच्या खिशात घातलं.

चाळीचं अंगण रिकामं होतं. स्टूल भिंतीला पालथं टेकवून ठेवलेलं. आनंदीबाई आत खोलीत कॉटवर बसल्या होत्या, स्वप्नील शेजारी, अंगणाकडचं दार लोटलेलं.

"कोण गो? मनू? ये, ये. दोन दिवस खंय होतीस? माजो हात मोडलो, तोंड नाय मोडलेला. गजाली मारूक येता माका."

मनवा दारातच उभी राहिली.

राजेशने उभ्याउभ्याच पत्र वाचलं. "आम्ही नकाशा पाहिला नाही आणि परवानगी घेतली नाही. उंची गच्चीपासून मोजली, जमिनीपासून मोजली नाही. ड्रोन जमिनीपासून चारशे पस्तीस फुटांपर्यंत नेला. तो नजरेआड गेला. खाली माणसं राहतात, याचा विचार केला नाही. वर न्यायला मी सांगितलं होतं, मनवाने नव्हे. वाऱ्याची चूक नाही." मग कागद स्वप्नीलच्या हातात दिला.

स्वप्नीलने पत्र पुन्हा एकदा वाचलं. भांडायची तयारी करून बसलेल्या माणसाला भांडण मिळालं नाही की तो कसा होतो, तसा झाला होता. "हे चौकीत दिलं तर तुमच्यावरच येईल, दादा."

"माहीत आहे. चल, मीच येतो. ड्रोनही घेतलाय."

"आता मला म्हणू नका मी नेलं म्हणून."

"नाही म्हणत."

"आणि आईच्या पोळ्यांचं काय? सहा आठवडे लोक उपाशी मरणार."

"लाटायला मी येईन सकाळी," प्रिती म्हणाली.

"तू?" आनंदीबाई हसल्या. "तुज्या पोळयेचो नकाशो मी बघितलंय. त्येका पन परवानगी लागात!"

स्वप्नीललासुद्धा हसू आलं. मग तो आणि राजेश चपला घालून चौकीकडे गेले. तिथे त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, ड्रोन ठेवून घेतला, नोंद झाली. पुढे काय व्हायचं ते होईल. राजेशने त्याबद्दल एका शब्दानेही कुरकूर केलेली मी ऐकली नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही असं उडणारं खेळणं असेल. मला त्याचा राग नाही. फिरणाऱ्या वस्तूला फिरावंसं वाटतं, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? पण हलकं आहे म्हणून त्याला आकाश मोकळं, असं समजू नका. उडवायच्या आधी मोठ्यांबरोबर बसून नकाशा बघा. हिरवं नसेल तर परवानगीशिवाय खोक्यातून काढूच नका, आणि हिरवं असलं तरी शहरात पोलिसांचा मनाई हुकूम लागू आहे का, ते विचारा. आमच्यासारख्या दाटीच्या वस्तीत बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येईल. मग कुठेतरी लांब, मोकळ्या माळावर न्यायची वाट बघा. तिथेही माणसांच्या डोक्यावरून नेऊ नका, आणि डोळ्यांना दिसेल इतकाच लांब जाऊ द्या. वर किती वारा आहे ते खाली उभं राहून कळत नाही, म्हणून बॅटरी निम्मी उरली की परत बोलवा. आणि उंची मोजाल तेव्हा तुमच्या पायाखालची गच्ची धरू नका. माणसं जिथे बसतात, जवळा निवडतात, रांगतात, ती जमीन धरा. स्क्रीन खोटं बोलत नाही, पण तिला जमीन माहीत नसते. तुम्हाला असते.

मला परत डब्यात ठेवलेलं नाही. सध्या मी मनवाच्या खिशात असते.

त्या संध्याकाळी पुरुष निघून गेल्यावर खोलीत तिघी उरल्या. प्रितीने चहा टाकला. दारातून मनवा हळूहळू कॉटपाशी आली, आनंदीबाईंच्या शेजारी बसली आणि प्लॅस्टरवर एक बोट ठेवून बघितलं.

"दुखतं?"

"रात्री थोडा. आता नाय."

"मग तू अंगणात का नाही बसत?"

आनंदीबाईंनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं. "बसान. बसान हळूहळू. आता जरा वर बघूची सवय लागली हा, म्हनून मान दुखता."

मनवाने मला खिशातून काढलं. दोऱ्याचं टोक प्लॅस्टरवर धरलं आणि मला वर उचलत नेलं, हात पुरेल तितकं. पुढे ती कॉटवर उभी राहिली. दोरा ताठ झाला, पण पहिल्या गाठीपर्यंतही ती पोहोचली नव्हती. ड्रोन तिने दोनशेवर नेला होता, पण पंखे थांबले तेव्हा तो किती खाली आला होता, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांनाही नाही. माझ्या अंगावर तीसच गाठी आहेत, आणि त्यांतल्या कितव्या गाठीच्या उंचीवरून तो पडला, ते मलाही माहीत नाही.

प्रिती चहाचे कप घेऊन वळली तेव्हा मनवा तशीच उभी होती, हात वर करून.

"आई," ती म्हणाली, "किती फुटांवरून पडला असता तर आजीला लागलंच नसतं?"